अर्ध्या टाकीखाली

भरमाणीअण्णांची जुनी दोनशेसात
खानापुरात आमच्या गॅरेजच्या दारात येऊन थांबली
तेव्हा बंपरला तीन लिंबं होती
आणि डॅशबोर्डवर तीन बिलं.
नंदगडात फिल्टर बदललेला,
बेळगावात पंप उघडून बसवलेला,
पिरनवाडीला चारही नोझल नवे.
"खरं जाईनाच की हो ही पीडा.
कणकुंबीच्या अलीकडं धाप लागल्यागत करती
आणि गप्प.
त्या वळणावर एक बाई गेलती म्हणं पूर्वी."

दस्तगीरचाचांनी कानावरची विडी काढली.
पेटवली नाही. डिझेलच्या कामात
ती नुसती ओठात असते.
"काय झालंय ते इंजिन सांगंल.
तू कधी होतंय ते सांग."

कौलं भरून गोव्याला जाताना.
रोज न्हाई.
मधी बेळगावची एखादी खेप पडली
की मग हमखास.
आणि घाट चढून येताना?
"येताना न्हाई! येताना वाघ आहे वाघ."
रिकामी येती म्हणून असंल.
"कुठली रिकामी? नारळ असतात की, गच्च."

आयटीआयच्या वहीतलं पान माझ्या खिशात होतं,
टाकीपासून नोझलपर्यंत बाणच बाण,
वर मास्तरांची लाल सही.
त्यात कणकुंबी कुठेच नव्हती.
"डिझेल कुठं भरता?" मी विचारलं,
काहीतरी विचारायचं म्हणून.
"साखळीला. स्वस्त पडतंय. टाकी फुल्ल करायची
आणि मग घाट."

चाचा माझ्याकडे बघत राहिले जरा वेळ.
विडी परत कानावर गेली.

गवंड्याच्या लेव्हलची नळी वीतभर कापली,
फिल्टरच्या आधी बसवली.
सेल मारला.
काचेसारख्या नळीतून पिवळी धार सरळ जात होती,
मग मोहरीएवढा एक बुडबुडा,
मग दोन,
मग ज्वारीची कणसं झाडल्यासारखे,
आणि इंजिन अडखळलं, अगदी अण्णा म्हणाले तसं,
कणकुंबीपासून इतक्या लांब,
पोस्टाच्या मागच्या बोळात.

कॅनमधलं वीस लिटर टाकीत ओतलं.
बुडबुडे गेले.
वीस लिटर काढलं.
आले.
असं दोनदा केलं. दुसऱ्यांदा गरज नव्हती,
चाचांना मजा वाटत होती.

टाकीतली ओढनळी वर काढली तेव्हा
माझा हात कोपरापर्यंत ओला.
टॉर्चमध्ये काहीच दिसेना.
नखानं शोधली मी ती चीर,
नळीच्या बरोबर मध्यावर,
केस चिकटलाय वाटावा अशी.
खाली थेंब पडला असता
तर तिन्ही गॅरेजवाल्यांनी पाहिला असता.
ही बाहेर काही सांडतच नव्हती,
आत हवा घेत होती.
आणि टाकी भरलेली असली की चीर बुडालेली,
डिझेलच पिणार,
ओरडणार कशाला.

मल्लाप्पानं रेडिएटरच्या दुकानात पितळ ओतून दिलं.
"ऐवत्तु रुपाय कोडु," म्हणाला,
पन्नासच.
अण्णा त्या पन्नासाकडं बघत बसले,
मग डॅशबोर्डवरच्या बिलांकडं.

"मग ती बाई?" शेवटी त्यांनी विचारलंच.
"असंल की," चाचा म्हणाले, "ती तिच्या जागी.
तिचं आपल्याकडं काम न्हाई."
लिंबं कुणी काढली नाहीत.

त्या रात्री भाकरीला डिझेलचा वास येत होता,
साबण दोनदा लावूनही.
मी ते पान काढलं, बाणांच्या शेजारी लिहिलं
'कुठं भरता?'
आणि अक्षर तेलकट झालं म्हणून
परत गिरवलं.

नऊला फोन वाजला.
अर्ध्याच्या खाली काटा, कणकुंबी मागं पडलेली,
अण्णा लहान पोरासारखे ओरडत होते.
मग जरा थांबून :
"खरं आता हॉर्न वाजंना झालाय बग."